चादर झटकू नका

बदलापूरच्या मांजर्लीत लहान मुलाला जंत झाले की पहिला दोष जातो पाण्याला. उल्हास नदीच्या बॅरेजवरून उचललेलं, महाराष्ट्र जीवन प्राधिकरणानं शुद्ध करून नळाला सोडलेलं पाणी. कधी गढूळ येतं, कधी दाब नसतो, कधी येतच नाही. तेव्हा तक्रारीला जागा आहे. दुसरा दोष गोडाला, आणि तो देणार आजी: "चॉकलेटं कमी दे म्हणून सांगत होते, आता झाले ना जंत!" तिसरा मातीला, कारण पोरगं दिवसभर बिल्डिंगखाली खेळत असतं. पाणी आणि माती यांच्यावरचा आरोप दुसऱ्या काही जंतांच्या बाबतीत खरा आहे. गोडावरचा मात्र कुठल्याच जंताच्या बाबतीत खरा नाही. जंताचं अंडं किंवा अळी शरीरात गेल्याशिवाय नुसत्या साखरेतून जंत निपजत नाही.

या प्रकरणातला जंत रात्रीचा आहे. दोऱ्याचा बारीक तुकडा पडावा तसा पांढरा, जेमतेम बोटाच्या नखाएवढा लांब. मराठीत सुतकृमी म्हणतात, डॉक्टर पिनवर्म किंवा थ्रेडवर्म म्हणतात, आणि शास्त्रातलं नाव एंटेरोबियस व्हर्मिक्युलॅरिस. तो येतो हातातून. मुलाच्या स्वतःच्या, भावंडाच्या, कधी आपल्यासुद्धा. म्हणून जंत निघाले की घाईघाईनं महागडा वॉटर प्युरिफायर बसवणाऱ्या आईबाबांना प्युरिफायरचे इतर फायदे मिळतात, हा एक सोडून.

नदीकाठी राहणाऱ्यांना पुराची आठवण असते. २६ जुलै २००५ ला, आणि पुन्हा २७ जुलै २०१९ ला, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली त्या दिवशी, उल्हास बदलापूर पश्चिमेच्या वस्त्यांत शिरली. अशा पुरानंतर लेप्टो, कावीळ, जुलाब यांची धास्ती जरूर धरावी. सुतकृमीचा आणि पुराचा मात्र संबंध नाही. कोरड्या घरात, स्वच्छ फरशीवर, इस्त्रीच्या कपड्यांत तो सुखानं नांदतो. ब्रिटन-अमेरिकेत मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा जंत हाच आहे, आणि तिथं घरोघरी फ्लश आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यात एका गुहेत सापडलेल्या माणसाच्या वाळलेल्या विष्ठेत त्याची अंडी मिळाली, ती सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीची. म्हणजे शेजारणीला कळलं तर काय म्हणेल, ही काळजी सोडून द्यायला हरकत नाही.

आता त्याचा दिनक्रम. अंडं गिळलं की लहान आतड्यात फुटतं. अळी खाली सरकत मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, अपेंडिक्सच्या आसपास, मुक्काम करते. महिन्याभरात ती वयात येते. नर दोन ते पाच मिलिमीटरचा, मादी आठ ते तेरा. नराचं काम आतच संपतं. मादीला मात्र अंडी घालायला बाहेर यावं लागतं, आणि ती वेळ साधते मूल गाढ झोपल्यावर. गुदद्वारातून बाहेर येऊन ती भोवतालच्या त्वचेवर दहा हजारांच्या वर अंडी चिकट द्रवासकट पसरते आणि मरते. त्या चिकट थरानं आणि तिच्या वळवळीनं खाज सुटते. मूल झोपेतच चड्डीत हात घालतं, खाजवतं, अंडी नखांत भरतात, आणि पहाटे अंगठा तोंडात जातो.

इथं एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ही अंडी बाहेर पडल्यावर चार ते सहा तासांत संसर्ग करण्याजोगी होतात. रात्री अकराला घातलेली अंडी पहाटे पाचला तयार. याउलट मोठे गोल जंत, जे गांडुळासारखे शौचातून पडतात, त्यांच्या अंड्यांना मातीत दोन-तीन आठवडे मुरावं लागतं. म्हणून संडास बांधले, भाजी धुतली, पायात चपला आल्या की मातीतले जंत हळूहळू हटतात. सुतकृमीला माती लागतच नाही. कुत्र्या-मांजरांतूनही तो येत नाही. तो फक्त माणसाचा आहे, आणि एका गादीवर झोपणारं कुटुंब त्याला पुरतं.

ओळखायचा कसा? लक्षण एकच भरवशाचं: रात्री ढुंगण खाजवणं. त्यातून तुटक झोप, सकाळची चिडचिड, कधी पोटात दुखणं, कधी सुटलेली सवय परतून पुन्हा गादी ओली होणं. दात खाणं, लाळ गळणं, तोंडावर पांढरे चट्टे, हे सगळं आपल्याकडे बिनदिक्कत जंतांच्या खात्यावर टाकलं जातं. दात खाण्याचा आणि जंतांचा संबंध पक्का दाखवता आलेला नाही. गालावरचे फिके चट्टे बहुतेकदा कोरड्या त्वचेचे असतात, दर वेळी गोळी देऊन ते जाणार नाहीत. रक्त कमी होणं, अंग खंगणं हेही या जंताचं काम नव्हे. तसं दिसत असेल तर अंकुशकृमी किंवा दुसरं काही कारण शोधायला हवं.

शौचाची तपासणी करून रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होणारे पुष्कळ. पण मादी अंडी आत घालतच नाही, त्यामुळे ती शौचात क्वचितच सापडतात. खरी तपासणी घरातच होते, दोन प्रकारे. मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी चड्डी खाली सरकवायची, मोबाईलचा टॉर्च लावायचा आणि ढुंगणाची घडी हलकेच बाजूला करून पाहायचं. उजेडानं काही क्षण काहीच दिसत नाही. मग पांढऱ्या दोऱ्याचं एक टोक आपोआप वर उचललं जातं, डावीकडे-उजवीकडे चाचपल्यासारखं करतं आणि पुन्हा घडीत शिरू पाहतं. एकदा पाहिलं की दुसऱ्या कशाशी गफलत होत नाही. आईच्या तोंडून "अगं बाई!" निघतं, आणि घरातले सगळे जागे होतात.

दुसरा प्रकार सेलोटेपचा. सी. एफ. ग्रॅहम यांनी १९४१ साली तो मांडला आणि आजही त्याहून साधी तपासणी नाही. सकाळी उठल्या उठल्या, शी-अंघोळीच्या आधी, पारदर्शक चिकटपट्टीचा चिकट भाग गुदद्वाराभोवतीच्या त्वचेवर दाबायचा, उचलायचा आणि लॅबवाल्याकडून आणलेल्या काचेच्या पट्टीवर चिकटवायचा. एका सकाळी काही मिळालं नाही तर सलग तीन सकाळी. पुसट पांढरी, दुधी पट्टी चालत नाही, तिच्यातून सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही. नंतर हात साबणानं धुवायचे, हे सांगायला नको. जंत डोळ्यांनी दिसलाच असेल तर या तपासणीची गरज नाही.

औषध स्वस्त आहे आणि चांगलं आहे. अल्बेंडाझोल, मेबेंडाझोल किंवा पायरँटेल, यातलं एक. पहिली दोन जंताचं पोषण तोडतात, तो काही दिवसांत उपासमारीनं मरतो. तिसरं त्याला लुळं पाडतं. पण अंड्यांवर कशाचाच भरवसा धरता येत नाही. गोळी घेतली त्या दिवशी जी अंडी नखांत, चादरीत, आतड्यात होती, ती पुढच्या दिवसांत नवे जंत घडवणारच. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरा डोस. नवे जंत अंडी घालण्याजोगे होण्याआधी त्यांना गाठायचं, एवढाच त्यामागचा हिशोब. "गोळी दिली होती, पण पुन्हा झाले" असं सांगणाऱ्या बहुतेक घरांत हा दुसरा डोस राहिलेला असतो, नाहीतर तो एकट्या मुलालाच दिलेला असतो.

शाळेत आणि अंगणवाडीत मिळणारी गोळी याच अल्बेंडाझोलची. राष्ट्रीय जंतनाशक दिन देशात फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाला. १ ते १९ वर्षांच्या मुलांना ४०० मिलिग्रॅमची चावून खायची गोळी, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरून पाण्यात. मोहीम मातीतल्या जंतांवर बेतलेली आहे आणि त्यासाठी ती उत्तम आहे. त्या एका गोळीनं सुतकृमीही मरतात, पण पंधरा दिवसांनी कुणी दुसरी द्यायला येत नाही आणि घरातल्या मोठ्यांना तर पहिलीही मिळत नाही. त्यामुळे शाळेत गोळी घेतलेल्या मुलाला महिन्या-दोन महिन्यांत परत खाज सुटली तर गोळी बोगस होती असं समजू नका. आणि घरी औषध सुरू करण्याआधी शाळेत नुकतीच गोळी मिळाली आहे का, हे डॉक्टरांना सांगा. लहान मुलाला अख्खी गोळी कोरडी गिळायला लावू नये, घशात अडकते. चुरून द्यावी.

डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा, विशेषतः मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर. घरात कुणी गरोदर असेल, तर तिनं ही गोळी आपल्या मनानं घेऊ नये, पहिल्या तीन महिन्यांत तर मुळीच नाही. अंगावर पाजणारीनंही आधी विचारावं. तान्ह्या बाळाला आणि गरोदर बाईला औषधाविनाही मार्ग आहे. सुतकृमीचं आयुष्य थोडं असतं, तेव्हा सहा आठवडे नवं अंडं तोंडात जाऊ दिलं नाही तर आतले जंत आपोआप संपतात. पण सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे.

आता घरातलं काम. खरी लढाई इथं आहे, आणि पुस्तकी सल्ल्याची गाडी अडते तीही इथंच. मांजर्लीतल्या घराचं वेळापत्रक लोकल ठरवते. बाबा सहाच्या आसपासची गाडी पकडतात, आई तासाभरानं, मूल पाळणाघरात किंवा आजीकडे. सकाळी मुलाला जेमतेम तोंड धुवून, दूध पाजून, कपडे चढवून सोडायचं, आणि अंघोळ संध्याकाळी निवांत. एरवी यात काहीच गैर नाही. पण अंडी रात्री घातली जातात. संध्याकाळी सातला चकाचक अंघोळ घातलेल्या मुलाच्या अंगावर अकरानंतर अंडी येतात आणि ती दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तशीच राहतात. दिवसभरात ती चड्डीतून बोटांवर, बोटांवरून खेळण्यांवर, डब्यातल्या पोळीवर. म्हणून दोन डोसांमधल्या त्या दोन आठवड्यांत सकाळी उठल्याबरोबर, दूध-बिस्किटाच्या आधी, मुलाची कमरेखालची जागा कोमट पाण्यानं आणि साबणानं धुतली पाहिजे. पूर्ण अंघोळ नको, डोकं भिजवायला नको. दोन तांबे पाणी आणि तीन मिनिटं पुरतात. पाणी येण्याची वेळ उशिराची असेल तर रात्रीच एक बादली भरून ठेवावी. माझ्या मते सगळ्या उपायांत हा सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा.

धुतल्यावर रात्रीची चड्डी लगेच बदलायची आणि ती कपड्यांच्या ढिगात न टाकता थेट गरम साबणाच्या पाण्यात. रात्री चड्डी घट्टसर असावी. उकाड्यामुळे मुलं उघडी झोपतात, पण या पंधरवड्यात नको, बोटाला आडकाठी हवी. आणि आईनं आपली नखंही कापावीत. आपल्याकडे शी झाल्यावर मुलाला पाण्यानं धुतात, ते हातानंच. त्याच हातानं मग कणीक मळली जाते. हात धुतले तरी लांब नखाखाली काय उरलं ते कुणी पाहिलेलं नसतं. शनिवारी नखं कापू नयेत असं जिथं पाळतात, तिथं शुक्रवारी कापावीत. जंताला वाराचं सोयरसुतक नाही. सॅनिटायझरवर या बाबतीत विसंबू नये. अंड्याचं कवच अल्कोहोलला दाद देत नाही. साबण लावून, चोळून, वाहत्या पाण्याखाली अंडी वाहून घालवावी लागतात.

आणि चादर. सकाळी उठून अंथरूण काढायचं, चादर दोन हातांत धरून खिडकीत किंवा गॅलरीत फटकन झटकायची आणि घडी करून ठेवायची, हा आपल्या घराघरांतला संस्कार आहे. नीटनेटक्या बायकांचा तर विशेष. सुतकृमीला याहून सोयीचं काही नाही. त्याची अंडी इतकी हलकी की डोळ्यांना न दिसता हवेत तरंगतात आणि टेबलावर, फडताळावर, उघड्या पाण्याच्या भांड्यावर जाऊन बसतात. श्वासाबरोबर नाकात गेली तरी गिळली जातात. तेव्हा चादर न झटकता आतल्या आत गुंडाळायची आणि तशीच बादलीत बुडवायची. केरही त्या दिवसांत कोरड्या झाडूनं उडवण्यापेक्षा ओल्या फडक्यानं फरशी पुसून काढलेला बरा. फडकं नंतर गरम पाण्यात.

ऊन हा मोठा मदतनीस आहे. कोरड्या उष्ण हवेत अंडी लवकर मरतात, थंड दमट हवेत दोन-तीन आठवडे टिकतात. एप्रिल-मेमध्ये बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा गच्चीवर गाद्या, गोधड्या, उशा दिवसभर टाकल्या की अर्धं काम झालं. जुलैत ती सोय नाही. चादर दोन-दोन दिवस वाळत नाही, दोरीवर ओलसर लोंबते. अशा वेळी धुतलेल्या चादरीवर आणि चड्ड्यांवर कडक इस्त्री फिरवावी. गादीला प्लॅस्टिकचं आवरण असेल तर ते पुसून घेता येतं.

हे सगळं रोज, सगळ्या घरासाठी करायला गेलं तर तिसऱ्या दिवशी माणूस हात टेकतो. म्हणून एक शनिवार-रविवार निवडावा. शनिवारी रात्री जेवणानंतर घरातल्या प्रत्येकानं डॉक्टरांनी सांगितलेला डोस घ्यायचा. बाबांनीसुद्धा, "मला कुठं खाज येते" असं म्हणत असले तरी. मोठ्यांमध्ये पुष्कळदा लक्षणच नसतं आणि तेच अंडी पुरवत राहतात. रविवारी सकाळी सगळ्यांच्या अंघोळी, सगळ्या चादरी-अभ्रे-टॉवेल-रात्रीचे कपडे गरम पाण्यात, मुलाची कापडी खेळणी धुवायला. संडास-बाथरूम एकच असेल तर टूथब्रश तिथल्या उघड्या स्टँडवरून उचलून बाहेर ठेवावेत आणि वापरण्याआधी धुवावेत. त्यानंतरचे पंधरा दिवस फक्त सकाळचं धुणं, चड्डी आणि हात. दुसऱ्या डोसचाही शनिवारच येतो. तो कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा, कारण तोवर खाज थांबलेली असते आणि थांबलेल्या खाजेसाठी गोळी घ्यायची आठवण कुणालाच राहत नाही. फिनाईलनं भिंती पुसणं, भांडी उकळणं, खेळणी फेकून देणं, यातलं काहीही करू नका. त्यानं दमायला होतं, जंतांना फरक पडत नाही.

आजीच्या वावडिंगाचं काय? बाळगुटीतलं वावडिंग म्हणजे आयुर्वेदातलं विडंग, कृमींवरच्या औषधांत अग्रगण्य मानलेलं. चरकसंहितेच्या विमानस्थानात, सातव्या अध्यायात, कृमींवर तीन उपाय सांगितले आहेत: अपकर्षण, म्हणजे कृमी ओढून बाहेर काढणं, प्रकृतिविघात, म्हणजे औषधांनी त्यांना राहणं अशक्य करणं, आणि निदानपरिवर्जन, म्हणजे ज्यामुळे ते होतात ते टाळणं. वावडिंग दुसऱ्या उपायात मोडतं. गोळीइतका खात्रीचा पुरावा त्याच्या पाठीशी नाही, म्हणून गोळीच्या जागी ते देऊ नये, हे माझं मत. पण तिसऱ्या उपायाकडे आजीचं लक्ष वेधायला हरकत नाही. सकाळचं धुणं आणि न झटकलेली चादर म्हणजे निदानपरिवर्जनच, आणि चरकाचं नाव घेतलं की ती ऐकते. एक गोष्ट मात्र ठामपणे थांबवावी: लसणाची पाकळी सोलून गुदद्वाराशी ठेवणं. त्या नाजूक त्वचेला लसूण भाजतो. खाजवून लाल झालेल्या जागेला झोपताना खोबरेल तेलाचं बोट पुरे.

मुलींच्या बाबतीत जरा जास्त सावध राहावं. रात्री बाहेर आलेली मादी वाट चुकून पुढच्या बाजूला जाते, तिथं खाज, लाली, कधी पांढरा स्राव, शू करताना जळजळ. अशा चार-पाच वर्षांच्या मुलीला कधी लघवीच्या संसर्गाचं औषध मिळतं, कधी बुरशीचं मलम, आणि दोन्हीनं गुण येत नाही. डॉक्टरांना खाज रात्रीची आहे हे आवर्जून सांगा, एवढ्यावरून निदान फिरू शकतं. ताप, पोटात उजवीकडे खाली दुखणं, शौचातून रक्त, यापैकी काही असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

दोन डोस, सगळं घर, सकाळचं धुणं, एवढं करूनही तिसऱ्यांदा जंत दिसले तर औषधाला दोष देण्याआधी मूल दुपारी कुठं झोपतं ते पाहा. पाळणाघरात सहा-सात मुलं एका सतरंजीवर झोपतात, चादरी आलटून-पालटून पांघरतात, खेळणी एकमेकांच्या तोंडातून फिरतात. मुलाला घरी बसवायची गरज नाही, शाळाही बुडवायला नको. पाळणाघराच्या ताईंना मात्र बाजूला घेऊन सरळ सांगावं: "ताई, आमच्याकडे बारीक जंत निघालेत, औषध चालू आहे. दुपारची चादर आम्ही घरून पाठवतो." बहुतेक वेळा ताई क्षणभर थांबतात आणि म्हणतात, की गेल्याच आठवड्यात आणखी एकीनं हेच सांगितलं. मग बाकीच्या आयांनाही निरोप जातो आणि सगळ्या मुलांचा डोस एकाच शनिवारी ठरवता येतो. ज्या पाळणाघरात कुणीच काही बोलत नाही, तिथं तोच जंत वर्षभर एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहतो आणि प्रत्येक घर आपापलं पाणी बदलत बसतं.